सोडून जाणाऱ्यांची खिडकी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत बातमी पिकली की माझ्या मावशीला कॉलेजातून काढून टाकलं. तळमजल्यावर बातमी तेवढीच होती. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मावशीने परीक्षेत कॉपी केली होती, आणि चौथ्यावर, म्हणजे विमावाल्या काकांच्या दारात, तिने चक्क एका प्राध्यापकाच्या थोबाडीत मारली होती. लिफ्ट बंद होती. त्यामुळे बातमीला प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबावं लागलं आणि थांबली तिथे ती थोडी थोडी फुगली.

खरं सांगायचं तर थोबाडीत कुणीच कुणाच्या मारली नव्हती आणि कॉलेजने मावशीला काढलंही नव्हतं. कॉलेजनेच तिच्यासमोरून काढता पाय घेतला होता. ती नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात बिझनेसची डिग्री करत होती. तीन वर्षांतली दोन झाली, आणि एके दिवशी सूचनाफलकावर चतकोर कागद लागला की संध्याकाळचा विभाग यंदापासून बंद, विद्यार्थ्यांनी आपापली सोय पाहावी. 'आपापली' या शब्दाखाली कुणीतरी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. पेन हिरवं होतं. मावशीकडे हिरवं पेन आहे, पण त्याबद्दल ती काही बोलत नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय छत्तीस. आमच्याकडेच राहते, स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्या मधल्या खोलीत. त्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि इस्त्रीचं टेबल आहे. इस्त्री संपली की तेच अभ्यासाचं टेबल होतं, म्हणून तिच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी ठसा आहे. मागणी आणि पुरवठा जिथे एकमेकांना छेदतात, बरोबर तिथे.

नोकरी वॉशिंग मशीन आणि फ्रीज विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार कक्षात. सकाळी नऊ ते पाच कानाला हेडफोन लावून ती अनोळखी माणसांचा संताप ऐकते. कुणी मशीन नाचतं म्हणून ओरडतो, कुणी फ्रीज रडतो म्हणून. तेरा वर्षं हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर एक असा शांतपणा आला आहे की घरात ताट पडलं तरी तिची पापणी हलत नाही. तिची एक वही आहे. समोरच्याने काही कबूल केलं की ती त्याचं नाव आणि वेळ वहीत लिहिते. ही सवय घरीही सुटलेली नाही. बाबा म्हणाले, नळाचा वॉशर उद्या बदलतो, की ती सहज विचारते, "उद्या किती वाजता, भावोजी?" बाबा वॉशर आजच बदलून टाकतात.

आता घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. पूर्ण डिग्रीचे विषय चोवीस. मावशीचे पास झालेले सोळा. पण नवं कॉलेज जुन्या कॉलेजचे विषय धरेलच असं नाही. जे धरणार नाही ते पुन्हा द्यायचे. वर्षभरात जास्तीत जास्त बारा विषय देता येतात. म्हणजे सोळांपैकी निदान बारा तरी धरले गेले पाहिजेत, तरच ती एका वर्षात सुटणार. अकरा धरले की दोन वर्षं.

आणि दोन वर्षं तिला परवडणारी नव्हती, कारण तक्रार कक्षाच्या प्रमुखबाई पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होत होत्या. त्या खुर्चीला डिग्री लागते. तेरा वर्षं खुर्चीच्या शेजारी बसलेल्या मावशीकडे ती नव्हती. 'म्यूट'कडे होती. म्यूट हा तिचा सहकारी. गिऱ्हाईक ओरडायला लागलं की हा बटण दाबून त्याचा आवाज बंद करतो, शेजाऱ्याशी गप्पा मारतो आणि तीन मिनिटांनी बटण सोडून म्हणतो, समजलं मला तुमचं दुःख. त्याची डिग्री कशातली आहे हे विचारलं तर त्याला जरा आठवावं लागतं. पण आहे. मावशी त्याच्या हाताखाली काम करणार, या विचाराने तिचा तो प्रसिद्ध शांतपणा आयुष्यात पहिल्यांदा जरासा हलला.

म्हणून एका शनिवारी मावशी, आई, बाबा आणि मी अशी चौघांची वरात कॉलेज बघायला निघाली.

पहिलं कॉलेज काचेचं होतं. म्हणजे बाहेरून सगळं काच, आतून सगळं एसी. दारात एका तरुणाने आमचं असं स्वागत केलं की बाबांनी मागे वळून पाहिलं, कुणी मोठं माणूस येतंय की काय. त्याच्या कोटावर 'करिअर समुपदेशक' अशी पट्टी होती. तो प्रत्येक वाक्याच्या आधी दोन्ही हात पुढे करायचा, जणू अदृश्य टरबूज धरलंय. आम्ही डिग्री देत नाही मॅडम, म्हणाला, आम्ही माणूस घडवतो. मावशी म्हणाली की माणूस म्हणून आपलं बऱ्यापैकी झालंय, डिग्रीच राहिलीय. तो हसला आणि टरबूज डाव्या काखेत घेऊन आम्हाला व्यायामशाळा दाखवायला निघाला.

तिथे विद्यार्थ्यांना सरावासाठी एक खोटी बोर्डरूम आहे. लांब टेबल, बारा खुर्च्या, मधली मोठी. बाबा सहज म्हणून मोठ्या खुर्चीत बसले आणि उठायलाच तयार होईनात. आईने दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी समुपदेशकाने त्यांना एक पिशवी, एक पेन आणि तीनशे पानी गुळगुळीत माहितीपत्रक दिलं तेव्हा ते उठले, आणि उठले ते त्या कॉलेजचे होऊनच.

मावशीने सोळांचं विचारलं. सगळेच्या सगळे धरू, मॅडम, का नाही धरणार? मग लेखी द्या, ती म्हणाली. टरबूज एकदम खाली पडलं. लेखी समितीच देते, असं कळलं. समिती कधी बसते? प्रवेश झाल्यावर. म्हणजे आधी लग्न लागणार आणि मग मुलगी दाखवणार. मावशीने वहीत त्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि तो जरा घामेजला. एसी असून.

दुसरं कॉलेज नावाजलेलं. इतकं नावाजलेलं की त्याला स्वतःहून काही करावं लागत नाही. विमावाले काका तिथलेच. त्यांना कधीही विचारा, "आमच्या वेळी" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघतात आणि मग वीस मिनिटं खोलीत परत येत नाहीत. दगडी जिना, भिंतीवर वारलेल्या प्राचार्यांची रांग आणि जाळीमागे एक कारकून. जाळी त्याच्या संरक्षणासाठी आहे की आपल्या, ते कळलं नाही. मावशीने विचारलं, सोळांपैकी किती धराल? तो म्हणाला, बघू. साधारण? अर्ज करा, मग बघू. कुठल्या नियमाने बघता ते तरी सांगा. त्याने चष्मा कपाळावर चढवला, मावशीकडे पाहिलं, चष्मा खाली घेतला आणि म्हणाला, बघू ना. मला भेटेल त्याची नक्कल करायची खोड आहे, पण त्या माणसाची करायला एकच शब्द पाठ करावा लागला.

तिसरं कॉलेज कुणाच्या यादीतच नव्हतं. ते मावशीला फ्रीजमुळे सापडलं. महिनाभरापूर्वी तक्रार कक्षात एक फोन आला होता. आमच्या ऑफिसातला फ्रीज गार होत नाही, मॉडेल नंबर अमुक, घेतल्याची तारीख तमुक, पावती समोर आहे, घाई नाही. मावशी खुर्चीत सरळ झाली. न विचारता मॉडेल नंबर सांगणारा माणूस तेरा वर्षांत तिला भेटला नव्हता. कुठून बोलताय म्हणून विचारलं तेव्हा कळलं, एका कॉलेजच्या प्रवेश विभागातून.

ते कॉलेज निघालं टायरच्या दुकानावर. खालून जिन्यावर रबराचा वास येतो. वर्ग चार, पंखे जुने, बोर्डरूम वगैरे काही नाही. प्रवेश विभाग म्हणजे एक टेबल आणि त्यामागे तोच फ्रीजवाला माणूस, सर्दीने बेजार. त्याने मावशीची गुणपत्रकं घेतली, प्रत्येक विषयावर बोट ठेवलं, दोनदा शिंकला आणि म्हणाला, माझ्या हिशेबाने तेरा. तीन परत द्यावे लागतील, कोणते ते लिहून देतो. पण हे माझं मत. पक्कं पत्र समिती देईल, आणि समितीला गुणपत्रकांच्या मूळ प्रती लागतात. मी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

घरी आल्यावर सभा भरली. बाबांनी काचेचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल हललं. ते म्हणाले, डिग्रीवर नाव कुणाचं आहे ते लोक बघतात. टायरच्या दुकानावर शिकले असं सांगणार का? आईला नावाजलेलं कॉलेज बरं वाटलं, कारण तिथल्या जिन्याने तिचे गुडघे दुखले आणि इतकं दुखलं म्हणजे काहीतरी मोठंच असणार. विमावाले काका साखर मागायला आले आणि तासभर बसले. त्यांचा सल्ला विम्यासारखा होता. ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटायचं, आणि ते गेल्यावर नेमकं काय मिळालं ते कुणाला सांगता यायचं नाही.

तेरा हा आकडा काचेवाल्यांच्या सोळांपेक्षा कमी होता, हे मावशीलाही दिसत होतं. आणि सर्दी झालेला माणूस प्रामाणिक असतो असा काही नियम नाही.

रविवारी दुपारी इस्त्री करता करता तिने मध्येच इस्त्री उभी करून ठेवली. तिला कंपनीची शोरूम आठवली होती. मशीन घ्यायला येणाऱ्याला तिथे थंड पेय देतात, मुलांना फुगा देतात, दार उघडून धरतात. तोच माणूस सहा महिन्यांनी तिला फोन करतो तेव्हा आधी चाळीस मिनिटं संगीत ऐकतो. "विकतानाचा आवाज कुणाचाही गोड असतो," ती आईला म्हणाली. "कंपनी कशी आहे ते घेणाऱ्याला कळत नाही, ताई. परत करायला येणाऱ्याला कळतं."

मग सोमवारी रजा टाकून तिने पलंगावर वही उघडली, फोन स्पीकरवर टाकला आणि तिन्ही कॉलेजांना फोन लावले. प्रवेशाच्या खिडकीला नाही, सोडून जाणाऱ्यांच्या खिडकीला. खोटं ती बोलत नाही, म्हणून तिने प्रश्न फार जपून बांधला होता. कुणाला तुमचं कॉलेज सोडून दुसरीकडे जायचं असेल तर कागद कसे आणि किती दिवसांत मिळतात? बस एवढाच.

काचेवाल्यांकडे बासरी वाजली. बासरीनंतर एका बाईने आमचा फोन महत्त्वाचा असल्याचं सांगितलं आणि पुन्हा बासरी लावली. तिसऱ्या विभागात एक आवाज मिळाला. टरबूजवाल्या तरुणाचा अजिबात नव्हता, हा आवाज वाळलेल्या पावासारखा होता. मावशीने प्रश्न विचारला.

"कागद मिळणार नाहीत," आवाज म्हणाला. "तुमची हजेरी कमी आहे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी उशी तोंडावर दाबून धरली होती.

"माझं नाव न विचारता कळलं?" तिने विचारलं.

"जाणाऱ्यांची कमीच असते, मॅडम. सत्तर टक्के भरा, मग अर्ज करा."

ज्या कॉलेजात तिने फक्त एकदा पाऊल ठेवलं होतं, तेही बाबांना खुर्चीतून उठवायला, त्या कॉलेजात तिची हजेरी कमी भरली होती. तिने शांतपणे त्या माणसाचं नाव विचारलं. फोन बंद झाला.

नावाजलेल्या कॉलेजात फोन जाळीतूनच उचलला गेला. आमच्याकडून कुणी जात नाही, उत्तर आलं. तरी एखादा गेलाच तर? पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. असा प्रसंग वारलेल्या प्राचार्यांपैकी कुणावर आला असावा आणि त्याची नोंद शोधत असावेत. मग आवाज म्हणाला, वडिलांना घेऊन या. मावशी म्हणाली, मी छत्तीस वर्षांची आहे. मग तर घेऊनच या, आवाज म्हणाला.

टायरवाल्या कॉलेजात दुसऱ्या घंटीला फोन उचलला आणि आधी शिंक ऐकू आली. प्रश्न ऐकून घेतला. अर्ज, ओळखपत्र, ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याची पावती, तीन दिवस. मावशी ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "एक सांगू का? जिथे चाललात तिथे किती विषय धरतात ते आधी लिहून घ्या. तोंडी सगळे सगळं धरतात."

तिने वहीत त्याचं नाव लिहिलं आणि वेळ लिहायला विसरली. मी तिला हे करताना कधीच पाहिलं नव्हतं.

पण ठरवणं वेगळं आणि करणं वेगळं. गुणपत्रकांच्या मूळ प्रती एकच संच. काचेवाल्यांकडे त्या जमा करायची शेवटची तारीख गुरुवार. टायरवाल्यांची समिती बसणार शुक्रवारी, आणि प्रती तिला बुधवारीच तिथे द्याव्या लागणार. म्हणजे एका हातातली फांदी सोडल्याशिवाय दुसरी धरता येत नव्हती, आणि समितीने शुक्रवारी अकरा म्हटलं तर मावशी जमिनीवर. काचेचं गेलेलं, एक वर्ष गेलेलं, आणि म्यूट खुर्चीत.

बाबांनी मंगळवारी तिला समजावून पाहिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते चिडले नाहीत. शिंकणाऱ्या कारकुनाच्या एका वाक्यावर तू दोन वर्षं लावते आहेस, म्हणाले. समिती म्हणजे तो नाही. मावशीने मान हलवली. "ते खरंय, भावोजी," ती म्हणाली. "पण तिथे काही चुकलं तर फोन उचलतील. दुसरीकडे बासरी वाजेल." बुधवारी डबा घेऊन निघताना तिने गुणपत्रकांची प्लास्टिकची फाइल छातीशी धरली होती, आणि जिन्यात विमावाल्या काकांनी कुठे निघालात म्हणून विचारलं तर तिला ऐकूच गेलं नाही.

गुरुवारी सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन नुसतीच उभी होती. काचेवाल्यांची तारीख आज संपणार होती. मला तिची दया आली आणि मला दया आली की मी आगाऊपणा करते. मी म्हणाले, पैज लाव, समिती बाराच्या खाली जाणार. टरबूज असो की सर्दी, तोंडी आकडा आणि लेखी आकडा यांची कधी गाठ पडत नाही, हे तूच शिकवलंस. तिने विचारलं, कशाची पैज? मी जिंकले तर तिने विमावाल्या काकांची नक्कल करून दाखवायची, काकांच्या समोर. ती जिंकली तर जे विषय पुन्हा द्यावे लागतील त्यांचे प्रश्न मी तिला वर्षभर रोज सकाळी विचारायचे, अर्धा तास, आणि तेही स्वतःच्या आवाजात. शेवटची अट ऐकून आई हसली. मावशीने हात पुढे केला.

शुक्रवारी ती सहाला घरी आली. चपला काढल्या, हात धुतले, पाणी प्यायली. तेरा वर्षं तक्रारी ऐकलेल्या माणसाच्या तोंडावरून काहीही वाचता येत नाही, हा एक अन्यायच आहे. बाबा पेपरमागे होते, पण पान उलटत नव्हतं. शेवटी तिने पत्र इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं.

समितीने एक विषय कापला होता. सांख्यिकीचा जुना अभ्यासक्रम त्यांना पुरेसा वाटला नव्हता. पत्राच्या खाली त्या शिंकणाऱ्या माणसाने हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या की तेराव्यासाठी तो भांडला, पण समिती ऐकेना, क्षमस्व. आकडा होता बारा.

मी ताबडतोब वाद घातला. बारा म्हणजे कुंपण, कुंपणावर बसलेला माणूस कुणाच्याच वाडीत नसतो, त्यामुळे पैज बरोबरीत. शिवाय तोंडी आकडा आणि लेखी आकडा जुळले नाहीत ते नाहीतच, म्हणजे माझं म्हणणं तत्त्वतः बरोबर. मावशीने सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानेही मला तोडलं नाही. मग म्हणाली, "तू बाराच्या खाली म्हणाली होतीस. बारा बाराच्या खाली असतात का?"

मी आईकडे पाहिलं. आई कपबशा मोजायला लागली. बाबा पेपरमागून म्हणाले, नाही असत.

तर सध्या रोज सकाळी सहाला मी डोळे चोळत सांख्यिकीचं पुस्तक उघडते आणि माझ्याच कंटाळवाण्या आवाजात मावशीला प्रश्न विचारते. ती माझ्या गणवेशाला इस्त्री करत उत्तरं देते. तिची चुकतात, पण रोज थोडी कमी. आणि आता मध्यक आणि बहुलक यांतला फरक मलाही कळायला लागला आहे. पैजेत हे ठरलं नव्हतं.